मॉनिटरला लावलेला लॅपटॉप दुपारपर्यंत का उतरतो?

"भाऊजी, चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, पण टक्के खाली चाललेत. सकाळी दहाला शंभर होते, आता तीन वाजलेत आणि तीस राहिलेत."

पाथर्डी फाट्यावरून वहिनींचा हा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडवर एका सीएच्या ऑफिसात याच तक्रारीसाठी बसलो होतो. नाशिकमधल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी करतो, काही ठिकाणी एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावर, काही ठिकाणी ओळखीत. घरून काम करणारे वाढले तशी ही तक्रारही वाढली. नवा मॉनिटर आणला, "एकाच वायरवर चित्रही येईल आणि लॅपटॉपही चार्ज होईल" असं ऐकून आणला, पहिले एकदोन दिवस छान गेले आणि मग कोणाची बॅटरी उतरते, कोणाची स्क्रीन मध्येच काळी होते, कोणाचं चार्जिंग चालू-बंद होत राहतं. मी पोचेपर्यंत बहुतेक वेळा "बॅटरी गेली" असं कोणीतरी सांगून टाकलेलं असतं. वहिनींनाही नवी बॅटरी टाकायला सांगितलं होतं. लॅपटॉप जेमतेम सव्वा वर्षाचा. लोकांचे असे विनाकारण पैसे जातात याचं वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वहिनींचंच गणित मांडतो. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरची, म्हणजे ५० वॅट एक तास पुरवेल एवढी. दिवसभर व्हिडिओ मीटिंग, ब्राउझरला वीस टॅब, दोन जड एक्सेल. अशा कामात तो लॅपटॉप साधारण २२ वॅट खातो. मॉनिटरच्या टाइप-सी पोर्टमधून त्याला मिळत होते १५ वॅट. म्हणजे दर तासाला ७ वॅट-अवरची तूट, आणि ती बॅटरीतूनच भरून निघणार. पाच तासांत ३५ गेले. पन्नासातून पस्तीस वजा केले की पंधरा उरतात, म्हणजे तीस टक्के. वहिनींनी फोनवर सांगितलेला आकडा जवळजवळ तोच. बॅटरी ठणठणीत होती. तिला रोज उपाशी ठेवलं जात होतं.

दुकानदार खोटं बोलला होता असंही नाही. १५ वॅट हेही चार्जिंगच. मोबाइल त्यावर व्यवस्थित भरतो. लॅपटॉपला ते पुरत नाही, आणि काही लॅपटॉप तर इतकी कमी वीज घ्यायलाच नकार देतात. मग चिन्हसुद्धा येत नाही.

सगळा गोंधळ "टाइप-सी" या शब्दाने केलाय. टाइप-सी हे फक्त पिनेच्या आकाराचं नाव. ती पिन २०१४ मध्ये आली, उलटसुलट कशीही बसते, आणि आता मोबाइलपासून मॉनिटरपर्यंत सगळीकडे दिसते. पण त्या पिनेतून वीज किती जाईल, चित्र जाईल की नाही, डेटा किती वेगाने जाईल या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि बाहेरून पाहून त्यातली एकही कळत नाही. विजेचा करार ठरवणारी पद्धत म्हणजे पॉवर डिलिव्हरी, सगळे तिला पीडी म्हणतात. वायर लावल्याबरोबर मॉनिटर ५ व्होल्टने सुरुवात करतो आणि आपल्याकडे काय आहे ते सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट, प्रत्येकी इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातलं आपल्याला जमेल ते मागतो. मॉनिटर हो म्हणतो आणि तेवढी वीज सुरू होते. क्षणभरात हे सगळं होतं, आपल्याला फक्त चार्जिंगचा टुंग असा आवाज येतो.

या व्यवहारात तिसरा माणूस असतो वायर, आणि त्याला कोणी मोजत नाही. मॉनिटर ९० वॅट द्यायला तयार, लॅपटॉप ९० वॅट घ्यायला तयार, आणि मधली वायर ३ अँपिअरचीच, तर २० गुणिले ३ म्हणजे ६० वॅटच्या वर काही जात नाही. तिघांत जो सगळ्यात कमजोर, त्याचा आकडा खरा. कुठलीही तक्रार आली की हा कमजोर कोण ते मी शोधतो.

तपासणीची सुरुवात मात्र मॉनिटरपासून करू नका. मॉनिटरची वायर काढा, लॅपटॉपबरोबर आलेला मूळ अ‍ॅडॉप्टर लावा आणि तेच काम दोन तास करा. टक्के चढले किंवा शंभरावर टिकले, तर बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट दोन्ही बरे आहेत. मूळ अ‍ॅडॉप्टरवरही उतरले, तर गोष्ट वेगळी, तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठा, पुढचं वाचायची गरज नाही.

मग त्याच अ‍ॅडॉप्टरचं लेबल वाचा. अक्षर इतकं बारीक असतं की मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करावा लागतो. "इनपुट" सोडून द्या, "आउटपुट" बघा. वहिनींच्या अ‍ॅडॉप्टरवर होतं २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. गुणाकार ६५ वॅट. ऑफिसच्या बहुतेक लॅपटॉपचा आकडा ४५ किंवा ६५ असतो. अ‍ॅपलच्या एम-१ मॅकबुक एअरबरोबर ३० वॅटचाच अ‍ॅडॉप्टर यायचा, १६ इंची मॅकबुक प्रोबरोबर २०२१ पासून १४० वॅटचा येतो. गेमिंगचे आणि डिझाईनचे लॅपटॉप १८०, २३० किंवा त्याहून वर जातात. हा आकडा एका कागदावर लिहा. मॉनिटर घ्यायला जाताना खिशात हाच कागद पाहिजे, स्क्रीनचे इंच नंतर.

प्रत्यक्षात किती वीज येतेय हे पाहायची सोय मॅकवर चांगली आहे. ऑप्शनचं बटण दाबून ठेवून अ‍ॅपलच्या मेनूत जा, सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, पॉवरवर क्लिक करा आणि खाली एसी चार्जरच्या भागात वॅटेज बघा. तिथे ६० दिसलं तर करार ६० चा झालाय. विंडोजवर असा थेट आकडा सहसा मिळत नाही. तिथे सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसखाली यूएसबीचं पान आहे, त्यात हळू चार्जिंगची सूचना देण्याचा पर्याय चालू ठेवा. काही कंपन्यांचे लॅपटॉप बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, जोडलेल्या अ‍ॅडॉप्टरचे वॅट दाखवतात. आणि पॉवर अँड बॅटरीच्या पानावर चोवीस तासांचा आलेख असतो तो जरूर पाहा. वहिनींचा आलेख सकाळपासून सरळ उतरत गेलेला होता, उतारावरून सोडलेल्या सायकलसारखा. सीएच्या ऑफिसातला मात्र करवतीच्या दातांसारखा वर-खाली. दोन्हींची दुखणी वेगळी आहेत हे आलेखच सांगतो: सरळ उतार म्हणजे वीज कमी पडतेय, करवत म्हणजे जोडणी तुटतेय.

टाइप-सीच्या मधे लावायचे छोटे मीटरही मिळतात, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारे. मी एक ठेवतो. पण त्यातल्या अनेकांतून चित्र पुढे जात नाही, त्यामुळे मीटर लावल्यावर स्क्रीन काळी झाली तर घाबरू नका.

सरळ उतार असेल तर मॉनिटरच्या माहितीपत्रकात डोकं घाला. ऑनलाइन जाहिरातीच्या मथळ्यात नाही, खोक्यावरच्या स्टिकरवरही नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि पोर्टच्या यादीत टाइप-सीपुढे काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. तिथे "पॉवर डिलिव्हरी" आणि त्यापुढे ६५, ९०, ९६ असा वॅटचा आकडा पाहिजे. आकडा १५ असेल तर तो पोर्ट मोबाइलसाठी आहे. आकडाच नसेल तर चार्जिंग होत नाही असं धरून चाला. "डाउनस्ट्रीम" लिहिलं असेल तर तो पोर्ट पेनड्राइव्ह-कीबोर्डसाठी. लॅपटॉप लावायचा तो "अपस्ट्रीम". एका मॉनिटरला दोन-दोन टाइप-सी पोर्ट असतात, एक मागे आणि एक कडेला. कडेचा हाताशी येतो म्हणून लोक त्यातच लावतात आणि चित्रच येत नाही. ज्या पोर्टमधून चित्र जातं त्याच्याशेजारी बहुधा डी आणि पी एकमेकांत गुंतलेलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असतं. टॉर्च मारून ते शोधा.

लॅपटॉपच्या बाजूलाही हीच भानगड. दोन टाइप-सी पोर्ट असले तरी चार्जिंग आणि चित्र दोन्ही एकाच पोर्टमधून होत असेल, असं असू शकतं. पोर्टशेजारी बाणासारखी वीज काढलेली असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे टाइप-सीच्याच आकाराचा जास्त वेगवान पोर्ट, तिथे सहसा अडचण येत नाही. काहीच चिन्ह नसेल तर मॅन्युअल बघा, किंवा दोन्ही पोर्ट लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एचडीएमआयने चार्जिंग होईल का, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. होत नाही. एचडीएमआयवरून टाइप-सीचं कन्व्हर्टर लावूनही होत नाही.

आता वायर. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

मॉनिटरच्या खोक्यात वायर आलेली असते. माणूस मॉनिटर बाहेर काढतो, स्टँड जोडतो, थर्माकोल आणि प्लास्टिक खोक्यात परत भरतो आणि खोकं माळ्यावर जातं. त्याच्याबरोबर ती वायरही जाते, कारण टेबलावर आधीच मोबाइलची टाइप-सी वायर पडलेली असते आणि ती दिसायला अगदी तशीच. मोबाइलच्या बहुतेक वायरींत डेटाच्या वेगवान तारा नसतातच. चार्जिंग होतं, चित्र येत नाही. मग मॉनिटर खराब म्हणून परत करायला निघतात. माळ्यावरचं खोकं आधी खाली काढा. वहिनींच्या शेजारच्या काकांचा मॉनिटर असाच दोन मिनिटांत चालू झाला.

दुसरा प्रकार, चित्र येतं पण वीज कमी. ३ अँपिअरच्या वायरीतून जास्तीत जास्त ६० वॅट. त्यावर जायचं तर वायर ५ अँपिअरची लागते, आणि तिच्या टोकात ई-मार्कर नावाची बारीक चिप असावी लागते. ती चिप "मी ५ अँपिअर सोसते" असं सांगते, तेव्हाच मॉनिटर जास्त देतो. चिप नसेल तर तो देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर वायर तापेल. ६५ वॅटच्या लॅपटॉपला यात पाच वॅटचाच फटका, कामात जाणवतही नाही, फक्त कधीकधी हळू चार्जिंगची सूचना येते. ९० किंवा १०० वॅटवाल्याला मात्र चांगलंच जाणवतं. २०२१ मध्ये पीडीची ३.१ आवृत्ती आली आणि मर्यादा १०० वरून २४० वॅटवर गेली. तेव्हापासून प्रमाणित वायरींवर ६० किंवा २४० असा वॅटचा शिक्का असतो. नवी घ्यायची तर शिक्केवाली घ्या, आणि तिच्यातून चित्रही जातं हे वेगळं विचारून घ्या. २४० वॅटची असूनही चित्र न नेणाऱ्या वायरी बाजारात आहेत. लांबी एक मीटरच्या आसपास ठेवा. टेबलाखालून फिरवून आणायची म्हणून दोन-तीन मीटरची स्वस्त वायर घेतली की चित्र लुकलुकायला लागतं.

तिसरा प्रकार कॉलेज रोडच्या त्या ऑफिसातला. सप्टेंबरचे दिवस, ऑडिटची घाई, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येई. दरवेळी चार्जिंगचा आवाज, दरवेळी मॉनिटरला लावलेलं टॅलीचं डोंगल गायब. त्यांनी वायर बदलून पाहिली होती. मी लॅपटॉप बंद केला, मोबाइलचा टॉर्च पोर्टवर धरला. आत तळाशी करड्या रंगाची लोकर बसावी तसा थर. बॅगेच्या अस्तराचे धागे आणि धूळ, रोज पिन खुपसून खुपसून घट्ट झालेली. त्यामुळे पिन पूर्ण आत जात नव्हती, अर्धा मिलिमीटर बाहेर राहत होती. टेबलावर हात टेकला तरी जोडणी सुटायची. लाकडी टूथपिक घेतली, पोर्टच्या मधोमध असलेल्या पातळ पट्टीला न टोचता कडेकडेने फिरवली. मसुराच्या डाळीएवढा गोळा निघाला. पिन लावली तेव्हा टक् असा आवाज आला, तो आधी येत नव्हता. सुई, पिन, स्क्रूड्रायव्हर असलं काही आत घालू नका, धातू नकोच. आणि लॅपटॉप बंद असल्याशिवाय हात लावू नका.

करवतीचे दात असतील आणि पोर्ट स्वच्छ असेल, तर मॉनिटरचा मेनू उघडा. चार ठिकाणी बघायचं. इनपुट आपोआप निवडायची सोय बंद करून टाइप-सी कायम करा, कारण एचडीएमआयला सेट-टॉप बॉक्स लावलेला असला की काही मॉनिटर अधूनमधून तिकडे डोकावतात. डीप स्लीप किंवा पॉवर सेव्हिंग असं काही चालू असेल तर बंद करा. मॉनिटर बंद असतानाही टाइप-सीवरून चार्जिंग चालू ठेवायचा पर्याय असेल तर चालू करा. संध्याकाळी मॉनिटर बंद करून लॅपटॉप तसाच लावून ठेवणाऱ्यांना सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, ती यामुळेच. चौथी गोष्ट मेनूतली नाही: लॅपटॉपचं बायोस आणि असल्यास मॉनिटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. हा करार सॉफ्टवेअरने होतो, त्यातल्या चुका अपडेटने दुरुस्त होतात.

सगळं करूनही अडलं, तर वायर दोन्हीकडून काढा, मॉनिटरची वीजेची पिन भिंतीतून काढून अर्धा मिनिट थांबा, आधी मॉनिटर चालू करा आणि मग लॅपटॉप जोडा. नुसतं मॉनिटरचं बटण दाबून हे साधत नाही, कारण बटण बंद असलं तरी आतलं सर्किट जागं असतं.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसचं ऑफिस मी बघतो, त्यांची अडचण जरा निराळी होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल बाहेर पाठवायची धांदल असते, कागदपत्रं आजच्या आज जायची असतात. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायचा, पण मधल्या पळभरात मॉनिटर बंद पडून परत सुरू व्हायचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने तो टिकायचा, पण मॉनिटरमधून येणारं इंटरनेट, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं तुटायचं. एकदा पेनड्राइव्हवर फाइल कॉपी होत असतानाच लाईट गेली आणि फाइल खराब झाली. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला साधा मोड. यूपीएसवर केलं की बदल झटकन होतो आणि मॉनिटर तग धरतो. आमचं काम त्यानेच झालं. तरीही महत्त्वाचा पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावायचा, मॉनिटरच्या हबला, म्हणजे त्याच्यावरच्या यूएसबी पोर्टना नाही, हा नियम आम्ही केला. मॉनिटर आणि लॅपटॉप मिळून शंभर वॅटच्या आसपास, त्यामुळे इन्व्हर्टरवर लोड जास्त होईल ही भीती नको.

सातपूरला एक डिझायनर आहेत. त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर २० व्होल्ट, ११.५ अँपिअर. म्हणजे २३० वॅट. त्यांनी ९० वॅटचा चांगला मॉनिटर घेतला, वायर खोक्यातलीच, सगळं बरोबर. तरी मोठी असेंब्ली, म्हणजे अनेक सुटे भाग जोडलेलं डिझाईन, स्क्रीनवर फिरवायला गेलं की अडखळायची आणि बॅटरीही उतरायची. इथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. वीज कमी मिळतेय हे कळल्यावर लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचा वेग खाली आणतो. त्यांना मी सांगितलं, चित्रासाठी टाइप-सी राहू द्या आणि मूळ अ‍ॅडॉप्टरही जोडा. दोन्ही लावल्याने काही बिघडत नाही, लॅपटॉप जास्त वीज देणारा निवडतो. ९० वॅटचा उपयोग त्यांना मीटिंगपुरता होतो. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० च्या वर आकडा असेल तर चार्जिंगवाल्या मॉनिटरसाठी जास्त पैसे देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दोन तक्रारी अशा आहेत ज्या चार्जिंगच्या वाटतात आणि नसतात. एक, ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. ती लॅपटॉपने बॅटरीच्या आयुष्यासाठी घातलेली मर्यादा आहे, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सापडेल. दिवसभर मॉनिटरला लावून बसणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी. दुसरी, फोर-के मॉनिटरवर माउस ओढल्यासारखा चालतो. टाइप-सीत वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. दोन चित्राला आणि दोन यूएसबीला दिल्या, तर जुन्या लॅपटॉपवर फोर-के फक्त ३० हर्ट्झने चालतं, म्हणजे सेकंदाला चित्र तीसदाच बदलतं. मॉनिटरच्या मेनूत डेटाच्या वेगाऐवजी रिझोल्यूशनला प्राधान्य द्या, चारही जोड्या चित्राला मिळतात आणि ६० हर्ट्झ येतं. बदल्यात मॉनिटरचे यूएसबी पोर्ट संथ होतात. कीबोर्ड-माउसला काही फरक पडत नाही, हार्ड डिस्कला पडतो.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या यायच्या, मॉनिटर लावल्यावर जास्तच. मॉनिटर तीन पिनेचा होता, पण सॉकेटमागची अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. हे मॉनिटर बदलून जात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या, तेही पावसाळ्याआधी.

आता नवा घ्यायचाच असेल तर. लॅपटॉप रोज ऑफिसला जातो आणि संध्याकाळी घरच्या टेबलावर येतो, असं असेल तर एका वायरचं सुख खरंच मोठं आहे आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मी देईन. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर साधा एचडीएमआयचा मॉनिटर घ्या, अ‍ॅडॉप्टर आहेच. मधला मार्गही आहे: साधा मॉनिटर आणि पीडी असलेला टाइप-सी हब, हबच्या मागे तुमचाच अ‍ॅडॉप्टर. हब स्वतःसाठी साधारण दहा-पंधरा वॅट राखून ठेवतो, म्हणून ६५ च्या अ‍ॅडॉप्टरमधून लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपास पोचतात. मीटिंग-एक्सेलला तेवढं पुरतं.

वॅट किती? तुमच्या कागदावरचा आकडा किंवा त्याहून वरचा. ६५ चा लॅपटॉप आणि ६५ चा मॉनिटर ही जोडी ठीक. पण मॉनिटर सात-आठ वर्षं चालतो, तेवढ्यात लॅपटॉप एकदा तरी बदलतो, म्हणून बजेट बसत असेल तर मी ९० वालाच सुचवतो. लॅपटॉपला गरजेपेक्षा जास्त वीज मिळून तो खराब होईल ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. होत नाही. लॅपटॉप मागतो तेवढीच वीज जाते.

एम. जी. रोडला जा किंवा कॅनडा कॉर्नरला, दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या. आदल्या रात्री चार्जिंगला लावू नका, बॅटरी चाळीस टक्क्यांच्या आसपास आणून न्या. भरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची परीक्षा होत नाही. दुकानदाराला खोक्यातलीच वायर काढायला सांगा, दुसरी कुठलीही नको. अ‍ॅडॉप्टर न लावता फक्त तेवढी एक वायर जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि वीस मिनिटं बसा. काउंटरवर गर्दी असली तरी बसा. टक्के चढले तर घ्या. तेवढेच राहिले तर वॅटचा आकडा पुन्हा विचारा. एक जरी कमी झाला तर तो मॉनिटर तुमच्या लॅपटॉपसाठी नाही. ऑनलाइन मागवला असेल तर हीच परीक्षा घरी, पण परत करायची मुदत संपायच्या आत आणि खोकं न फाडता. बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर आहे का ते बघा. एकाच नावाच्या मॉनिटरच्या दोन मॉडेलांत शेवटच्या एका अक्षराचा फरक असतो, आणि त्या अक्षरातच कधीकधी १५ वॅट की ६५ हे ठरलेलं असतं. वहिनींच्या बाबतीत तेच झालं होतं. त्यांची परत करायची मुदत गेली होती, म्हणून मॉनिटर ठेवला, चित्र टाइप-सीवरच राहू दिलं आणि जुना अ‍ॅडॉप्टर टेबलाच्या पायाला वेल्क्रोने बांधून दिला. उठताना आता दोन वायरी काढाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी मुद्दाम फोन केला तेव्हा शंभर टक्के होते.